सोमवारी न उठणारी गाडी

दसऱ्याला गाडी, दिवाळीला टेप आणि तुळशीच्या लग्नाला माझ्या दारात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. २७ वर्षं झाली, हा क्रम चुकलेला नाही. टेप म्हणजे आता कॅसेट घालायचा टेप राहिला नाही. ९ इंची पडदा, दारांत चार स्पीकर, सीटखाली अँप्लिफायर, डिकीत बेस ट्यूब असा सगळा संसार असतो. पण आमच्याकडे त्या संसाराला मिळून टेपच म्हणतात, आणि अँप्लिफायरला अँप्ली. मीही तेच म्हणणार.

गेल्या हंगामात गडहिंग्लजकडचे एक गुरुजी आले. पाच सीटची छोटी पेट्रोल गाडी, हँडलला अजून झेंडूच्या वाळक्या माळेचा दोरा. खाली उतरले ते वैतागूनच.

"तिसरी बॅटरी आहे ही. सोमवार आला की गाडी मरते बघा."

दुखणं सांगणाऱ्यानं वार सांगितला की माझं अर्धं काम होतं. बहुतेक लोक "कधीपण होतंय" म्हणतात, आणि मग मला अख्खी गाडी हुंगत बसावं लागतं.

"टेप कधी बसवला, गुरुजी?"

"धनत्रयोदशीला. पण त्याचा काय संबंध? किल्ली काढली की तो बंद होतो. पडदा काळा होतो, मी स्वतः बघतो की रोज."

"पडदा झोपतो हो. मागं कोण जागं राहतंय ते बघू."

आधी बॅटरीला मीटर लावला. आपली साधी १२ व्होल्टची बॅटरी भरलेली आणि निवांत असली की १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी संपली. १२ च्या खाली गेली की तिला रिकामीच समजायचं. गुरुजींची ११.३ वर होती. गाडी जंपर लावून चालू केली, तर मीटर १४.१ वर चढला. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या मध्ये आकडा आला की अल्टरनेटर बरा आहे. म्हणजे भरणारा नीट भरत होता, पिणारा कुणीतरी दुसराच होता. बॅटरी विकणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्याकडे रिकामी आली, त्यानं भरलेली दिली. पण शिशाची बॅटरी अशी चार-पाच वेळा तळापर्यंत उपसली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसून घट्ट होतो. ती परत भरते, पण पहिल्या ताकदीनं नाही. टेपनं गाडी मारली, गाडीनं बॅटरी मारली आणि पैसे गेले बॅटरीवर, असा हा हिशेब असतो.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली आणि गुरुजींना दुसऱ्या दिवशी बोलावलं. झोपलेली गाडी किती पिते ते बघायचं होतं, आणि त्याची एक रीत आहे.

किल्ली माझ्या खिशात. काचा खाली, कारण दारं आपोआप लॉक होऊन बसली तर हात घालायला जागा हवी. ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवलं, पण त्याच्या कुलपाच्या जिभेत स्क्रू ड्रायव्हर घालून ती मिटवली. आता गाडीला वाटतं, दार बंद आहे. मग १० नंबरचा पाना घेऊन बॅटरीचा मायनस सोडवला. कायम मायनस आधी. गाडीची सगळी बॉडी म्हणजे मायनसच. मायनस सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर काही होत नाही, प्लस सोडवताना टेकला तर ठिणगीनं पान्याचा तुकडा उडतो. मग मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकातून काढून १० अँपिअरच्या भोकात घातली, आणि एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं सोडवलेल्या केबलला. आता गाडीत जाणारा थेंब न् थेंब मीटरमधून जाणार.

मीटर असा लावलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. शिकाऊ असताना मी मारला होता. उस्तादांच्या मीटरचा फ्यूज गेला आणि आठवडाभर सगळ्यांचा चहा माझ्या खात्यावर आला.

सुरुवातीला आकडा २ च्या वर होता. गुरुजी म्हणाले, "सापडलं!" म्हटलं, थांबा. आताच्या गाडीत पाच-सात छोटे कॉम्प्युटर असतात, किल्ली काढली तरी ते लगेच आडवे होत नाहीत. कुठे १० मिनिटं, कुठे अर्धा तास. घाईनं आकडा वाचणारा इथेच फसतो. आम्ही समोरच्या गाड्यावर चहा घेतला, परत आलो. मीटरवर ०.८४.

निरोगी गाडी झोपेत ०.०२ ते ०.०५ अँपिअर घेते. घड्याळ, रिमोट लॉकचा रिसीव्हर, टेपची स्टेशनं लक्षात ठेवायची आठवण, एवढाच खर्च. ही त्याच्या वीसपट पीत होती. बॅटरीवर लिहिलेलं असतं ३५ एएच, म्हणजे १ अँपिअर ओढला तर ३५ तास. गुरुजींनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या बिलबुकाच्या मागे भागाकार मांडला. शनिवारी सकाळची शाळा, एक वाजता गाडी दारात. रविवारी शेतावर जायचं ते भावाच्या मोटरसायकलवर. सोमवारी साडेनऊला सेल्फ. मधे ४४ तासांहून जास्त.

"म्हणजे सोमवारच का, तर..." ते थांबले. बाकीचे दिवस रात्रभराचं जेवढं जायचं तेवढं जाण्या-येण्यात थोडंफार भरून निघायचं. आणि सेल्फ मारायला बॅटरी पूर्ण संपावी लागत नाही, निम्म्याच्या खाली गेली की तिला दम लागतो.

आता कोण पितंय ते शोधायचं. एकेक फ्यूज काढायचा, मीटरकडे बघायचं, परत लावायचा. टेप नंतर बसवलेला असेल तर मी त्याच्यापासून सुरू करतो. बॉनेटमध्ये बॅटरीशेजारी अँप्लीच्या जाड वायरीचा फ्यूज होता. तो उचलला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला. सीटखाली हात घातला तर अँप्ली कोमट. पाऊण तासात एक सूर वाजला नव्हता, तरी कोमट.

बाहेरून घेतलेल्या टेपच्या मागे रंगीत वायरींचा झुबका असतो. पिवळी म्हणजे कायमचा प्लस, तिच्यावर आठवणी टिकतात. लाल म्हणजे किल्लीबरोबर येणारा-जाणारा प्लस. काळी अर्थ, म्हणजे बॉडीचा मायनस. आणि निळी, तिच्यावर पांढरी रेघ, ती अँप्लीला उठवायची. आम्ही तिला रिमोट म्हणतो. अँप्लीला जाड वायरीनं बॅटरीचा करंट चोवीस तास मिळतच असतो, पण रिमोटवर १२ व्होल्ट येईपर्यंत तो पडून राहतो. टेप चालू झाला की रिमोटवर हाक येते, बंद झाला की थांबते. गुरुजींच्या गाडीत बसवणाऱ्यानं ही वायर टेपपर्यंत नेलीच नव्हती. अँप्लीच्या टर्मिनलवरच प्लसमधून रिमोटमध्ये दोन इंचाचा तुकडा खोचला होता. दीड मीटर वायर वाचली आणि कार्पेट उचलायचा त्रास वाचला. अँप्लीला धनत्रयोदशीपासून चोवीस तास हाक चालू होती.

मी कार्पेट उचललं, वायर नेली, टेपच्या निळ्या-पांढऱ्याला जोडली. ३०० रुपये झाले. गुरुजी दोन बॅटऱ्यांची पावती हातात घेऊन उभे राहिले.

हाच घोटाळा इतर रूपांतही येतो. लाल आणि पिवळी एकत्र पिळली तर टेप किल्लीशिवायही चालू राहतो. त्यांची अदलाबदल झाली तर उलटं, किल्ली काढली की स्टेशनं पुसून जातात आणि रोज सकाळी घड्याळ बाराला. काही युरोपी गाड्यांत टेपच्या मागे किल्लीची वायरच नसते, किल्ली लागल्याचा निरोप डेटाच्या वायरीतून जातो. तिथे सवयीचा फिटर लाल वायर शोधत बसतो, सापडत नाही, आणि कुठल्यातरी कायमच्या प्लसला डसवतो.

बॅटरी बसण्याच्या खालोखाल माझ्याकडे येणारी तक्रार म्हणजे शिट्टी. मिरजेच्या एक डॉक्टर बाई आल्या होत्या. भीमसेन जोशी लावले की मागून कुणीतरी वेगळ्याच पट्टीत गातंय, म्हणाल्या. अॅक्सिलरेटर दाबला की ते गाणारं वरच्या सप्तकात जायचं. इंजिनाबरोबर पट्टी चढली की ओळखायचं, हा अल्टरनेटरचा आवाज.

अल्टरनेटर मुळात डीसी बनवत नाही, तो तीन फेजचा एसी बनवतो. डायोड त्याला सरळ करतात, पण इस्त्री केलेल्या सदऱ्यावरही चुण्या राहतात तशा लहरी उरतात. त्या गाडीच्या सगळ्या वायरिंगमध्ये फिरत असतात आणि कुणाला त्रास देत नाहीत. त्रास होतो तो परतीच्या वाटेनं, आणि माझ्या धंद्यातलं निम्मं ज्ञान या परतीच्या वाटेतच आहे. लोक प्लस तपासतात. जाड घेतात, लाल घेतात, फ्यूज लावतात. पण करंट गेला तेवढाच परत बॅटरीला यावा लागतो, आणि तो येतो गाडीच्या पत्र्यातून. त्या वाटेवर रंग, गंज, सैल बोल्ट काहीही आलं तरी तिथे करंट तुंबतो. आमच्याकडे उसाला पाटाचं पाणी देणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाटात ढेकूळ पडलं की मागे पाणी चढतं. टेपचा अर्थ एका ठिकाणी, अँप्लीचा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हीकडे पातळी वेगळी असली की फरकाचं पाणी त्या दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलमधून वाहतं. त्यात अल्टरनेटरच्या चुण्या असतात. अँप्लीला ते गाणंच वाटतं, तो मोठं करून ऐकवतो.

बाईंना आधी विचारलं, मोबाइल चार्जरला लावून ऑक्सच्या वायरीनं गाणं लावता का? कित्येकदा चार्जर उपटला की शिट्टी जाते आणि मला एक रुपयाही मिळत नाही. इथे तसं नव्हतं. अँप्लीतून आरसीए काढली, शिट्टी थांबली. म्हणजे अँप्ली स्वतः ओरडत नव्हता, केबलमधून येत होतं. मग गाणं मोठ्यानं लावून मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला आणि लाल अँप्लीच्या अर्थच्या स्क्रूला धरली. दोन्ही मायनसच आहेत, मधे शून्य यायला हवं. आलं ०.७ व्होल्ट.

अर्थची वायर सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबलेली होती. तिथे दोन चुका. एक तर सीटबेल्टचा बोल्ट जीव वाचवायला ठरावीक ताकदीनं कसलेला असतो, तो कुणी सोडवायचा नाही. दुसरं, लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, खाली कंपनीचा रंग तसाच चकचकीत होता. मी पत्र्यावर दुसरी जागा धरली, सँडपेपरनं रुपयाएवढा गोल पांढराशुभ्र धातू दिसेपर्यंत घासला, लग बसवला, बोल्ट कसला आणि वरून गंज येऊ नये म्हणून ग्रीस लावलं. वायर जाड, हातभर लांबीची, त्याहून जास्त नाही. परत मीटर धरला, ०.०४. बाईंनी अॅक्सिलरेटर दाबून बघितला, दोनदा, आणि मग गाणं पुढे न नेता तसंच ऐकत बसल्या. माझ्या मागे तीन गाड्या लागलेल्या होत्या, पण मीही काही बोललो नाही.

अर्थ चांगला करूनही शिट्टी राहिली तर आरसीए आणि जाड प्लस एकाच बाजूनं कार्पेटखालून गेलेत का बघायचं. एक डावीकडून, एक उजवीकडून न्यायची. आणि एकदा मीटर एसीवर ठेवून इंजिन चालू असताना बॅटरीवर धरायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, टेपवाल्याला शिव्या देऊ नका.

एक सावधगिरी नव्या गाड्यांसाठी. बॅटरीच्या मायनसवर बोटाएवढी काळी डबी दिसली तर तो सेन्सर आहे. बॅटरीतून किती गेलं, किती आलं याचा हिशेब तो ठेवतो आणि त्यावर गाडी अल्टरनेटरला किती भरायचं ते सांगते. अँप्लीचा अर्थ थेट बॅटरीच्या खांबाला बांधला तर तेवढा खर्च हिशेबाबाहेर जातो. अर्थ बॉडीलाच द्यायचा.

आता फ्यूज, आणि माझी स्वतःची चूक. दुकान काढायच्या आधीची, १९९६ ची. एका फियाटमध्ये मी अँप्ली बसवला. बॉनेटमधून आत वायर न्यायला इंजिनामागच्या पत्र्यात भोक पाडलं, पण भोकाला रबरी ग्रोमेट घातलं नाही. फ्यूज लावला, पण आत, अँप्लीजवळ. मला वाटायचं फ्यूज अँप्लीला वाचवतो. चार महिन्यांनी गाडी गगनबावड्याच्या घाटात असताना वायरीवरचं प्लॅस्टिक भोकाच्या धारेवर घासून तांबं पत्र्याला टेकलं. बॅटरीपासून तिथपर्यंत वाटेत फ्यूजच नव्हता, मग करंटला कोण अडवणार? मालकानं टॉवेल गुंडाळून बॅटरीची केबल ओढून काढली म्हणून गाडी वाचली. तो जळका तुकडा त्यानं मला आणून दिला, काही न बोलता. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नव्या पोराला कामावर घेतलं की पहिल्या दिवशी तो हातात देतो. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीपासून फार तर दीड फुटाच्या आत.

ही चूक करणारा मी पहिला नव्हे, एवढंच समाधान. मोटारीतला रेडिओ धंद्यात यशस्वी केला तो अमेरिकेत, शिकागोच्या पॉल गॅल्विननं, १९३० साली. मोटर आणि त्या काळच्या ग्रामोफोनच्या नावांतलं शेपूट जोडून त्यानं नाव ठेवलं मोटोरोला. तेव्हाही डोकेदुखी तीच होती. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी रेडिओत कडकडायची. असं सांगतात की कर्ज हवं म्हणून त्यानं एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात ती गाडी पेटली. कर्ज काही मिळालं नाही.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० चा लाल काढून ३० चा हिरवा लावणारे बहाद्दर दर आठवड्याला येतात. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही पाहिलेत. फ्यूज उडतोय म्हणजे तो काम करतोय. वायर कुठे घासलीय, स्पीकरची वायर दाराच्या बिजागरीत कुठे चिरडलीय ते शोधा. आणि स्पीकरच्या मायनसला बॉडी समजू नका. टेपमधून येणाऱ्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत साधारण ६ व्होल्ट असतात, त्यातली कुठलीही पत्र्याला टेकली की टेपचा आयसी एकतर रुसतो, नाहीतर मरतो.

खोक्यावरच्या आकड्यांचं काय सांगू? "१००० वॅट" लिहिलेला अँप्ली असतो आणि त्याच्या पोटात फ्यूज २० चा. २० ला १४ व्होल्टनं गुणा, २८० वॅट. त्यातला काही भाग उष्णतेत जातो, बाहेर दोनशेच्या आसपास. खोकं वाचू नका, फ्यूज वाचा. उलट खरोखर ५०० वॅट देणारा अँप्ली असेल तर तो जोरात वाजताना ४५-५० अँपिअर मागू शकतो, आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर सिग्नलला उभ्या गाडीत तेवढं पुरवत नाही. मग ढोल वाजला की हेडलाइट मिचमिचतात. त्यावर तांब्याएवढा कपॅसिटर विकतात. तो तांब्याचंच काम करतो. विहिरीला पाणी नसेल तर तांब्यानं काय होणार? आधी वायर बघा. स्वस्त किटमधली वायर चाकूनं खरवडली की आतून चांदीसारखी निघते, म्हणजे तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. तेवढाच करंट न्यायला ती दीडपटीहून जाड लागते, आणि किटमध्ये ती बारीकच असते, वरचं प्लॅस्टिक तेवढं जाड.

बाकी किरकोळ. टेप बदलल्यावर एफएम खरखरत असेल तर अँटेनाच्या निळ्या वायरीला करंट द्यायचा राहिलाय. सीट काढल्यावर एअरबॅगचा दिवा लागला तर सीटखालचं पिवळं कपलर किल्ली चालू असताना सुटलंय, ते जोडूनही दिवा स्कॅनरनंच विझतो. आणि कंपनीचं वायरिंग कापू देऊ नका, कपलरला कपलर जोडणारा तुकडा बाजारात मिळतो. पिळलेल्या वायरीवरची काळी टेप आमच्या दोन पावसाळ्यांत गुळासारखी पाघळते.

पंधरा दिवसांनी गुरुजी आले, या वेळी नुसते भेटायला, शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन. बॅटरी टिकली होती. त्यांनी सातवीच्या वर्गात फळ्यावर गणित घातलं होतं: ३५ अँपिअर-तासांची बॅटरी, ०.८४ अँपिअरची चोरी, शनिवारी दुपारी एकला गाडी लावली तर बॅटरी कधी संपेल? पोरांनी ४१ तास ४० मिनिटं काढली, म्हणजे सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. उत्तर बरोबर. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक उठला.

"गुरुजी, मग तुम्ही साडेसहालाच शाळेत का न्हाई आला?"